जमिनीतल्या ऑर्किडचे कंद पुढच्या मृगापर्यंत कसे सांभाळता?

केवडा_गुहागर
नमस्कार मंडळी. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडांवर इथे बरेच धागे आहेत. जमिनीत, कंदापासून वाढणाऱ्या ऑर्किडांवर मात्र इकडेतिकडे विखुरलेले प्रतिसादच सापडतात, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

माझ्याकडे तीन प्रकार आहेत. एक स्पॅथोग्लॉटिस, जांभळ्या फुलांचा, जो आता कोकणात कितीतरी घरांच्या पायरीशी दिसतो. दुसरा हबेनारिया रोडोकायला, शेंदरी फुलांचा. त्याचे कंद मे महिन्यात एका रोपवाटिकेकडून कुरिअरने मागवले आणि ऑगस्टमध्ये त्याला इतकी सुंदर फुलं आली की येणारा-जाणारा थांबून विचारायचा. तिसरा तो जपानी, पेक्टेलिस रेडिएटा, ज्याचं पांढरं फूल पंख पसरलेल्या बगळ्यासारखं दिसतं. त्याचे कंद वाटाण्याएवढे आहेत.

हस्ताचा पाऊस संपला आणि शेवटच्या दोन्हींची पानं पिवळी पडायला लागली. हे त्यांचं झोपेचं वेळापत्रक आहे हे कळतं. अडचण वेगळीच आहे. वाचायला मिळतं ते सगळं बर्फ पडणाऱ्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं. कंद थंडीपासून कसे वाचवावेत, गोठू कसे देऊ नयेत, वगैरे. आमच्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडे आधी ऑक्टोबरचा उकाडा, मग दोन महिने जरा बरी हवा, मग मार्चपासून घामाच्या धारा, आणि मेमध्ये अवकाळी येऊन सगळ्यावर पाणी ओतून जातो. माझ्या मते या कंदांचा 'हिवाळा' इथे दिवाळीपासून मृगापर्यंत असतो, आणि तो सात महिन्यांचा आहे.

तर कंद कुंडीतच ठेवायचे की काढायचे? अधूनमधून पाणी शिंपडायचं की पूर्ण बंद? आणि त्या बगळ्याचं काय? कोकणातल्या लोकांचे अनुभव हवे आहेत. इतरांचेही चालतील.

अनुजा_दापोली
केवडाताई, छान धागा. तीन झाडांची तीन उत्तरं आहेत, एकत्र करू नका.

स्पॅथोग्लॉटिस झोपत नाही. त्याचे कंद मातीच्या वर, पानांच्या बुडाशी असतात आणि पाणी मिळालं तर ते बारा महिने हिरवं राहतं. त्याला कोरडं पाडलंत तर जगेल, पण पानं जातील आणि फुलं लांबतील. पाणी कमी करा, बंद करू नका. उन्हाळ्यात दुपारचं ऊन टळेल एवढं बघा.

रोडोकायला मात्र खरोखर झोपतो. पानं पिवळी पडताना घाईने कापू नका, कारण पान वाळतं त्याच काळात खाली नवा कंद भरत असतो. पान अर्ध्याहून जास्त पिवळं झालं की पाणी कमी करत न्या, आणि ते आपोआप सुटून आलं की बंद करा.

आता महत्त्वाचं. हबेनारियाचा कंद दरवर्षी नवा होतो. ज्या कंदातून यंदा रोप आलं तो रिकामा होऊन सुरकुततो आणि शेजारी पुढच्या वर्षीचा कंद तयार होतो. पुष्कळ लोक कुंडी उपसतात, हाताला मऊ, पोकळ कंद लागतो, आणि 'कुजला' म्हणून सगळी माती फेकून देतात. नवा कंद त्या मातीतच असतो. कुजलेला कंद दाबला की चिकट पाणी सुटतं आणि वास येतो. संपलेला नुसता रिकाम्या सालीसारखा लागतो. हे हाताला ओळखता यायला हवं.

बगळ्यासाठी दुसऱ्या कुणीतरी लिहा, माझा त्यावर भरवसा नाही.

सड्यावरचा
कुंडीतच ठेवा. काढू नका. हे माझं ठाम मत आहे.

मी राजापूर तालुक्यातला. आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, हबेनारियाच्या तीन-चार जाती दर पावसात येतात. सगळ्यात आधी ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, जमिनीला चिकटलेलं एक रुंद पान आणि त्यावर पांढरी फुलं. नंतर लाँगिकॉर्निक्युलाटा, ज्याच्या फुलाला मागे बोटाएवढी लांब मधाची नळी असते आणि जी रात्री पतंगांसाठी दरवळते. दसऱ्यापर्यंत खेळ आटोपतो. मग तोच कातळ मार्च-एप्रिलमध्ये इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. तरी पहिल्या पावसानंतर झाड पुन्हा तिथेच.

कसं जमतं? मी बघितलंय. कंद उघड्या कातळावर कधीच नसतो. जिथे जांभ्याच्या भेगेत किंवा खळग्यात माती साठलेली असते तिथे तो खाली, दगडाच्या आडोशाला असतो. वर वाळलेल्या गवताचं पांघरूण. पावसाळ्यात त्या मातीतून पाणी अखंड वाहतं, पण तुंबत नाही. पाऊस संपला की काही आठवड्यांत पूर्ण कोरडी. म्हणजे ओलं असताना वाहतं ओलं, कोरडं असताना पक्कं कोरडं आणि सावलीत. कुंडीत हेच करायचं.

म्हणून काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला माझा विरोध आहे. ती उन्हात चारही बाजूंनी तापते. सड्यावरच्या कंदाला फक्त वरून उष्णता लागते. मातीची कुंडी घ्या, पडवीत भिंतीच्या कडेला ठेवा, वर वाळलेलं गवत किंवा पेंढा अंथरा, आणि मृगापर्यंत विसरून जा.

वेंगुर्ल्याचे_बापू
सड्यावरच्याचं निरीक्षण अचूक आहे, पण कुंडीतच ठेवा हे मला पटत नाही.

आमच्याकडे सुरणाचं बियाणं कसं ठेवतात? काढायचं, माती झाडायची, सावलीत सुकवायचं, मग माळ्यावर वाळूत नाहीतर राखेत. वैशाखात त्याला आपोआप डोळा फुटतो, तेव्हा लावायचं. या कंदांनाही मी तेच करतो. कुंडी पडवीत राहिली की घरातलं कुणीतरी त्यात पाणी ओततंच. सून ओतते, नातू ओततो, पाहुणे बाटलीत उरलेलं ओततात. कुंडी रिकामी दिसली की माणसाला दया येते. कंद माळ्यावर असला की दयेपासून वाचतो.

शिवाय कुंडी जमिनीवर असली की घूस. घुशीला सुरण आणि ऑर्किड यात काही फरक कळत नाही.

हापूसवाला
'कंद दयेपासून वाचतो' 😄 बापू, हे वाक्य प्रत्येक कुंडीवर रंगवून घ्यायला पाहिजे.

अनुजा_दापोली
बापू, सुरणाचं बियाणं पाव-अर्धा किलोचं असतं. त्याच्या पोटात पाणी मायंदाळ. हबेनारियाचा कंद फार तर सुपारीएवढा, बगळ्याचा तर त्याहून लहान. उघड्या राखेत तो एप्रिलपर्यंत वाळून खडखडीत होईल. राख पाणी शोषून घेते. कंद काढायचेच असतील तर किंचित दमट वाळू किंवा कोरडी नारळाची भुशी घ्या, डब्याला भोकं पाडा आणि डबा उतरंडीच्या खोलीसारख्या गार, काळोख्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा उघडून बघा.

वेंगुर्ल्याचे_बापू
अनुजा, राखेचं तुझं बरोबर आहे. लहान कंदाला मी वाळूच वापरतो, राख मोठ्याला. लिहिताना दोन्ही एकत्र आलं. किंचित दमट म्हणजे किती, तेही सांगतो, कारण तिथेच लोक घसरतात. वाळू मुठीत दाबून सोडली तर गोळा होता कामा नये. बोटांना गार लागली, पण बोटं ओली झाली नाहीत, म्हणजे बरोबर.

स्नेहल_एडिनबरा
मी बर्फाच्या देशातून लिहिते आहे, त्यामुळे केवडाताईंच्या तक्रारीतली 'ती' मंडळी म्हणजे आम्ही!

इकडच्या सल्ल्यामागचं कारण सांगते, म्हणजे तुम्हाला त्यातलं काय घ्यायचं ते ठरवता येईल. प्लिओनी नावाचं जमिनीलगत वाढणारं ऑर्किड आहे, हिमालय आणि चीनच्या डोंगरांतलं. शरदात त्याची पानं गळतात आणि हिवाळाभर नुसते कंद उरतात. ते आम्ही जवळजवळ शून्य अंशापर्यंतच्या गारव्यात, पण गोठू न देता, कोरडे ठेवतो. त्या गारव्याशिवाय त्याला वसंतात फूल येत नाही. म्हणजे थंडी ही त्याच्यासाठी संकट नसून गरज आहे. संकट आहे ओली थंडी. डॅक्टिलोऱ्हायझा जातीची ऑर्किडं तर आम्ही बाहेर जमिनीतच सोडतो, बर्फाखाली.

तेव्हा कंद घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा की याच्या मूळ गावी विश्रांतीचा काळ गार असतो की फक्त कोरडा? रोडोकायला दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातला. त्याला कोरडेपणा हवा, कडाक्याची थंडी नको. कोकणात तो उलट माझ्यापेक्षा सुखात राहील. पण रेडिएटा जपान, कोरियाकडचा, तोही पाणथळ जागेतला. त्याला विश्रांतीत गारवा लागतो आणि तो पूर्ण कोरडाही चालत नाही. गुहागरच्या उन्हाळ्यात तो पडवीत टिकेल असं मला वाटत नाही. त्याच्यासाठी फ्रीज हाच मार्ग. भाजीच्या खणात, किंचित ओलसर शेवाळात किंवा भुशीत, भोकं पाडलेल्या पिशवीत. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको.

आणि प्लिओनीचे कंद कोकणात कुणी घेऊ नका. भारतात ते विकायला येतात, स्वस्तही असतात, पण त्यांना तुमचा उन्हाळाही सोसत नाही.

हापूसवाला
फ्रीजमधल्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये' लिहा. आमच्याकडे ट्यूलिपचे कंद 'लहान कांदे' म्हणून सांबारात जायचे थोडक्यात वाचले.

नारळीपोफळी
आंब्याचीही एक पिशवी त्याच खणात ठेवू नका हो. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि झोपलेल्या कंदांना तो मानवत नाही. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या फ्रीजमध्ये आंबा नसणं कठीण, म्हणून सांगितलं.

बगळ्याच्या फुलावरून आठवलं. ऑनलाइन 'बगळा ऑर्किडच्या बिया, १०० नग' अशी जाहिरात सारखी दिसते. कुणी घेतल्या आहेत का? उगवतात?

अनुजा_दापोली
घेऊ नका. पाकिटातून जे येतं ते बहुतेक वेळा भलत्याच झाडाचं बी असतं. आणि समजा खरं निघालं, तरी कुंडीत पेरून उगवणार नाही.

ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो. कारण त्यात अन्नसाठाच नसतो. भाताच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी इथे नाही. रानात ठरावीक बुरशी त्या बीत शिरते आणि तिच्याकडून बी अन्न घेतं, तेव्हा कुठे रुजतं. हे नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली ओळखलं. पुढे १९२२ साली अमेरिकेत लुइस नडसनने दाखवून दिलं की काचेच्या बाटलीत, निर्जंतुक माध्यमात साखर पुरवली तर बुरशीशिवायही बी रुजतं. आज रोपवाटिकांत मिळणारी बहुतेक ऑर्किडं त्याच रस्त्याने आली आहेत. म्हणून घरी करायचं तर कंदच, किंवा प्रयोगशाळेतली रोपं.

स्पॅथोग्लॉटिस त्यातल्या त्यात उदार. त्याची बोंडं आपोआप फुटतात आणि शेजारच्या कुंडीत, चिऱ्याच्या फटीत रोपं येताना दिसतात. पण तीही बुरशीच्या कृपेनेच.

मी_सायली
अवांतर होतंय, पण विचारतेच. आमच्या आंब्यावर सीतेची वेणी आहे. सासरे म्हणतात ते बांडगूळ आहे, झाड खाईल, काढून टाक. काढू का?

सड्यावरचा
नको, नको, नको! सीतेची वेणी बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस ओढतं. ऑर्किड फक्त सालीवर बसतं. त्याची मुळं बाहेरच लोंबतात आणि पाऊस, दव, सालीवरचा पालापाचोळा यांवर ते जगतं. आंब्याचं काही जात नाही. सासऱ्यांना मे-जूनमध्ये फुलोरा आला की झाडाखाली खुर्ची टाकून बसवा. वाद तिथेच मिटेल.

रानवाटा
आता मूळ विषयाकडे. परदेशी कंदांवर एवढा खर्च कशाला? आपल्याच सड्यावर इतकं आहे. मला वाघचौऱ्याची एक जागा माहीत आहे, हाताच्या पंजाएवढी पांढरी झालरवाली फुलं, रात्री वास येतो. कंद सुटले की दोन-तीन घेऊन येईन म्हणतो. कुणाला हवे असतील तर सांगा.

सड्यावरचा
कृपा करून आणू नका. वाघचौऱ्याच्या ज्या जागा मला माहीत आहेत तिथली झाडं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील अशी असतात. त्यातले दोन-तीन काढले की ती जागा संपली. शिवाय वर अनुजाने लिहिलंच आहे, कुंडीत ती बुरशी नसते. पहिल्या वर्षी साठवलेल्या अन्नावर फूल येईल, तुम्ही खूश व्हाल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कंद लहान होत होत नाहीसा होईल.

रानवाटा
तुमच्या भावना समजतात. पण तो सडा चिरेखाणीसाठी दिलाय. पुढच्या वर्षी तिथे यंत्र लागणार. मग माती मोल होण्यापेक्षा माझ्या अंगणात राहिले तर काय बिघडलं?

स्नेहल_एडिनबरा
इथली एक हकिकत. ब्रिटनमध्ये लेडीज स्लिपर नावाचं जमिनीतलं ऑर्किड होतं, सिप्रिपेडियम कॅल्सिओलस. लोकांनी हौसेने इतकं उपटलं की १९१७ साली ते संपल्याचं जाहीर झालं. १९३० साली यॉर्कशायरमध्ये एक झाड सापडलं. एकच. त्याची जागा कित्येक दशकं गुप्त ठेवावी लागली, पहारे ठेवावे लागले. नंतर लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या लोकांनी प्रयोगशाळेत बियांपासून रोपं करून ती परत रानात लावायला घेतली. बागेत नेणाऱ्यांपैकी प्रत्येकाला वाटलं असणार, माझ्या एकट्याच्या नेण्याने काय होतंय?

अनुजा_दापोली
चिरेखाणीचा मुद्दा मला वेगळा वाटतो, सड्यावरचे दादा. जागा खरोखर जाणार असेल तर कंद हलवणं योग्यच. पण त्याची रीत आहे. जमीनमालकाची परवानगी. शक्य असेल तर वनखात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवणं. फूल असताना खुणेची काठी ठोकून ठेवणं, कारण नोव्हेंबरनंतर वर काही दिसत नाही. कंद सुटा न काढता भोवतालच्या मातीच्या गोळ्यासकट उचलणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो अंगणातल्या कुंडीत न नेता तसल्याच दुसऱ्या सड्यावर, तसल्याच भेगेत लावणं. कुंडीत नेलात तर वाचवलात असं म्हणता येणार नाही.

कायद्याचंही लक्षात असू द्या. सगळी ऑर्किडं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात येतात आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने तो करार कायद्यात आणला गेला आहे. या धाग्यावर रानातल्या कंदांची देवघेव नको.

वेंगुर्ल्याचे_बापू
अनुजाशी सहमत. फुलांच्या हौसेपेक्षा मोठं नुकसान औषधाच्या नावाने होतं. अमरकंद म्हणतात तो युलोफियाचा कंद, ताकदीसाठी खणून नेतात. बाजारात सालममिश्री म्हणून मिळते त्यातही ऑर्किडचेच कंद. दरवर्षी नवा कंद करणारं झाड, आणि तोच काढून नेला तर पुढच्या वर्षी काय येणार?

रानवाटा
ठीक. मालकांशी बोलतो. शेजारच्या देवराईच्या कडेला तसाच कातळ आहे, तिथे नेता येईल का बघतो. फुलांच्या वेळी खुणा करून ठेवल्या होत्याच. अनुजा, मातीचा गोळा साधारण केवढा?

अनुजा_दापोली
वीतभर रुंद आणि माती असेल तितका खोल. सड्यावर तसंही वीतभराच्या खाली कातळच लागतो. पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी लावा. पाणी घालू नका, तो झोपलेला आहे.

पुणेरी_गच्ची
उशिरा आलो. बुरशीनाशकाबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी साठवण्याआधी कंद बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून सुकवतो. कुजण्याचं प्रमाण खूप कमी होतं.

सड्यावरचा
आणि जी बुरशी त्याला जगवते तीही मारता ना?

पुणेरी_गच्ची
सहजीवी बुरशी मुख्यत्वे मुळांमध्ये असते. झोपेच्या काळात मुळं वाळलेली असतात. शिवाय रोडोकायलासारखे रोपवाटिकेत वाढलेले कंद त्या बुरशीशिवायच मोठे झालेत. रानातल्या कंदाला मी हे करणार नाही, विकतच्याला करेन.

अनुजा_दापोली
दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. मी मधला मार्ग घेते. रसायन न वापरता माती बदलताना ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळते आणि कापलेल्या किंवा खरचटलेल्या जागी कोळशाची पूड लावते. पण कुजणं थांबतं ते मुख्यतः कोरडेपणाने. ओल्या मातीत ठेवून औषधं मारण्यात अर्थ नाही.

केवडा_गुहागर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं. रोडोकायला निम्मा कुंडीत, सड्यावरच्यांच्या पद्धतीने पेंढ्याखाली, आणि निम्मा बापूंच्या पद्धतीने वाळूत. बगळा फ्रीजमध्ये. स्पॅथोग्लॉटिस पायरीशीच. मृगात येऊन सांगते.

मी_सायली
सासऱ्यांना 'बांडगूळ नाही' हे पटलं. आता ते शेजाऱ्यांना सांगत फिरतायत.

केवडा_गुहागर
फेब्रुवारीचा अहवाल. वाळूतल्या कंदांपैकी दोन थोडे सुरकुतलेत. कुंडीतले उकरून बघितले नाहीत. सुरकुतलेल्यांना पाणी द्यावं का?

वेंगुर्ल्याचे_बापू
पाणी कंदाला नाही, वाळूला. चार थेंब डब्याच्या कडेने. दोन-तीन दिवसांनी बघ, भरून येतात. आले नाहीत तरी कडक असतील तर चिंता नको.

सड्यावरचा
आणि आता मे महिन्याची तयारी करा. सात महिन्यांतला सगळ्यात वाईट काळ तो आहे, हे मी ठासून सांगतो. अवकाळीने एकदा मुसळधार येऊन माती भिजते, कंद जागा होतो, मग वीस दिवस पुन्हा कडक ऊन, आणि गरम ओल्या मातीत तो कुजतो. सड्यावर ते पाणी तासाभरात निघून जातं. कुंडीत साठतं. एप्रिलअखेर कुंड्या पावसाच्या झडीपासून आत घ्या, किंवा आडव्या करून ठेवा.

दुसरं, लावण्याची माती आत्ताच करून ठेवा. आमच्याकडे पावसात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, तेव्हा बागेची काळी माती नको. जांभ्याचे बारीक तुकडे निम्मे, त्यात जाडसर वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी भुशी. शेणखत अगदी जुनं असेल तरच, चिमूटभर. कंद दोन बोटं खोल, डोळा वर.

नारळीपोफळी
नारळाची भुशी वापरणाऱ्यांनी ती दोन-तीनदा पाण्यात भिजवून, पिळून घ्या. समुद्राकाठच्या सोडणात मीठ असतं. पावसाळ्यात ते धुऊन जातं, पण डब्यात साठवणीला वापरलीत तर कंदालाच लागतं.

केवडा_गुहागर
जूनचा अहवाल, मृगाचा पाऊस लागल्यावर. कुंडीतल्या रोडोकायलाचे सगळे कोंब वर आले. वाळूतल्यांपैकी एक सोडून सगळे आले, आणि त्यांचे कोंब कुंडीतल्यांपेक्षा दणकट आहेत. उशिरा लावले तरी. सड्यावरच्यांनी आणि बापूंनी आपापसात ठरवा!

बगळ्याचे कंद फ्रीजमधून मार्चअखेर काढले, कारण पिशवीतच कोंब दिसायला लागले होते. त्यांना घरात, उत्तरेच्या खिडकीत, कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवून वाढवते आहे. अर्धे जगलेत. एप्रिल-मेची उष्णता त्यांना जड गेली, हे स्पष्ट दिसलं. स्नेहल म्हणाली ते खरं आहे. या झाडासाठी कोकणात एवढी धडपड करावी का, याबद्दल माझं मन आता बदललंय. आहेत ते सांभाळेन, नवे घेणार नाही. त्याऐवजी आपल्या हवेत राहणारं काहीतरी, रोपवाटिकेत वाढवलेलं, सुचवा.

वेंगुर्ल्याचे_बापू
माझी आये असती तर म्हणाली असती, 'आपल्या गावचा पाणी आपल्याच झाडाक मानवता.'

युलोफिया घे. मेअखेर-जूनला पान नसताना थेट दांडा येतो, मग पावसात पानं. फूल संपलं म्हणून दांड्याबरोबर खालचं काही कापू नकोस, पानं अजून यायची असतात. आणि जिओडोरम मिळालं तर सोडू नकोस. त्याचा फुलोरा मान खाली घालून लोंबतो, आणि बोंडं धरली की तोच दांडा ताठ उभा राहतो. दोन्हींना इथला पाऊस आणि इथला उन्हाळा दोन्ही चालतात.

रानवाटा
वाघचौऱ्याची बातमी. मालकांनी परवानगी दिली. जवळच्या महाविद्यालयातल्या एक प्राध्यापिका विद्यार्थ्यांना घेऊन आल्या होत्या, डिसेंबरात. मातीच्या गोळ्यासकट देवराईच्या कडेला हलवले. काल गेलो होतो. सगळ्या खुणांपाशी नाही, पण निम्म्याहून जास्त ठिकाणी पानं वर आली आहेत. यंदा फुलली नाहीत तरी चालेल.

सड्यावरचा
रानवाटा, फार मोठं काम केलंत. आता तिथे गुरं चरतात का ते बघा. चरत असतील तर काटेरी फांद्यांचं कुंपण घाला, ऑगस्ट संपेपर्यंत तरी. साळिंदराचा माग दिसला तर भोवती दगड रचा, ते कंद उकरतं.

मी_सायली
माझ्या स्पॅथोग्लॉटिसच्या कळ्या रात्रीतून गायब होतायत. दांडा राहतो, कळ्या जातात. साळिंदर जिना चढून येत नसावं?

नारळीपोफळी
गोगलगायी. पावसात रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघ, कुंडीच्या काठाखाली सापडतील. हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाक. मीठ कुंडीत टाकू नकोस. कुंडी विटेवर उचलून ठेव आणि विटेभोवती कोरडी राख घाल. राख भिजली की पुन्हा घालावी लागते, म्हणून ती पडवीत, पावसाच्या आत असू दे.

मी_सायली
सापडल्या! काठाखालीच होत्या. राख घालते.